मंगळवार माझा!

‘काही लागलं तर सांग हं!’ मैत्रिणीला ब्रेस्ट कॅन्सर झालाय हे कळल्यावर मीही हेच म्हणाले. वर स्वतःवरच खूश! तिचा फोन अर्थातच आला नाही.

महिन्याने घरी गेले, तर फ्रिजवर कॅलेंडर. दर 21 दिवसांनी लाल गोल, म्हणजे केमो. गोलानंतरचा दुसरा आठवडा पिवळा. तेव्हा पांढऱ्या पेशी कमी होतात, साधी सर्दीही महागात पडू शकते. आणि तिचा पाच वर्षांचा लेक पाळणाघरातून नेमकी तीच घरी आणतो! नवरा रजा साठवतोय, कारण पुढे रेडिएशन आहे, आठवड्यातून पाच दिवस. ‘केमो होईल गं, पण याला कुठे ठेवू?’

मग मी शहाणी झाले. ‘मंगळवार माझा. सहाला त्याला पाळणाघरातून आणणार, जेवू घालून साडेआठला घरी सोडणार.’ ग्रुपमधल्या दोघींनी गुरुवार आणि शनिवार उचलले. बॉस कुरकुरला, पण सोडतो.

पहिल्याच मंगळवारी वरणभात खाताना लेकाने विचारलं, ‘मी मस्ती केली म्हणून आई आजारी पडली का?’ घास हातातच राहिला. मुलांना असं वाटतं, आणि ती कुणाला सांगत नाहीत. ‘नाही रे राजा, तुझ्यामुळे नाही. आणि तिला मिठी मारलीस तर तुला होणारही नाही.’ त्याने मान डोलावली, वर तूप मागितलं.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर ‘काही लागलं तर’ नको. सरळ वार सांगा!