उत्तर बरोबर, पण कसे कळले?



गेल्या सत्रातील सामान्य ज्ञान स्पर्धेत आमच्या हातून एक चूक झाली. ती येथे जाहीरपणे मान्य करावी व तिच्यातून जे सुचले ते आपल्यापुढे ठेवावे, यासाठी हे चार शब्द.

शेवटच्या फेरीत प्रश्न होता : मलेरियाचा डासांशी असलेला संबंध सर रोनाल्ड रॉस यांनी कोणत्या शहरात शोधून काढला? सातवीतील एका मुलीने लगेच उत्तर दिले, "सिकंदराबाद." आमच्या हातात बाजारातून आणलेले एक गाईड होते. त्यात "कोलकाता" छापलेले. आम्ही "चूक" म्हटले, प्रश्न दुसऱ्या गटाकडे गेला आणि तिचा गट दोन गुणांनी हरला. मुलगी वाद न घालता खाली बसली. स्पर्धा संपल्यावर आमच्या खोलीत येऊन ती एवढेच म्हणाली, "सर, आम्ही बेगमपेटला राहतो. तिथल्या इमारतीवर त्यांचं नाव आहे."

त्या रात्री आम्ही पुस्तके काढून वाचली. रॉस हे लष्करातील डॉक्टर. १८९७ साली ते सिकंदराबादच्या छावणीत होते आणि बेगमपेटच्या लष्करी इस्पितळात डास कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसत. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या जठराच्या भित्तिकेत मलेरियाचे परजीवी दिसले. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, कोलकात्याला पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून त्यांनी परजीवीचा डासातील पूर्ण प्रवास दाखवला. माणसाच्या मलेरियाचे तेच चक्र त्याच वर्षी इटलीतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे गाईड अगदीच खोटे नव्हते, पण मुलगी चुकली असे म्हणायला काही आधार नव्हता. आमच्यापाशी फक्त उत्तर होते, त्यामागची हकीकत नव्हती, म्हणून निवाडा चुकला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही तिची क्षमा मागितली व दोन्ही गटांना विजयी घोषित केले.

या शोधात आणखी एक माणूस आहे. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाने ते डास स्वतःला चावू दिले. प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळे. त्याच्या रक्तावर पोसलेल्या डासातच रॉस यांना तो परजीवी सापडला. रॉस यांचे नाव प्रत्येक गाईडात असते. हुसेन खानाचे आम्ही कोणत्याही गाईडात पाहिलेले नाही. ज्या ज्ञानाला आपण 'सामान्य' म्हणतो, त्यात सामान्य माणसाला एवढी जागा तरी असावी, असे आम्हांस वाटते.

आता थोडे स्वतःविषयी. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या दिवसांत आग्र्याहून निघणारे 'प्रतियोगिता दर्पण' हे मासिक आमच्या खोलीवर दर महिन्याला येत असे आणि आम्ही चार मित्र ते रात्री जागून पाठ करीत असू. राजधान्या, नद्या, शोध आणि संशोधक, सारे तोंडपाठ. त्याचा फायदा झाला, हे नाकारणार नाही. हिंदीत शिकण्याला 'शिक्षा' म्हणतात आणि मराठीत त्याच शब्दाचा अर्थ काय होतो, ते मुलांना सांगायला नको. पाठांतराच्या त्या रात्री आमच्यासाठी दोन्ही अर्थांनी शिक्षा होत्या! पण पाठ केलेल्यातले आज किती खरे उरले आहे? तेव्हा ग्रह नऊ होते, २००६ साली प्लुटो वगळला गेला. तेलंगणाचेच पाहा. २०१४ साली राज्य झाले तेव्हा दहा जिल्हे होते, २०१६ मध्ये ते एकतीस झाले, २०१९ मध्ये तेहतीस. जुने गाईड वापरणारा मुलगा मन लावून चुकीचे पाठ करतो.

आपल्या मुलांची तर आणखी एक अडचण आहे. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या मराठी पुस्तकांत हैदराबाद म्हणजे चारमिनार आणि बिर्याणी. इकडच्या पुस्तकांत आम्ही मराठी माणसे जवळपास नाहीतच. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही आपली मुले दोन्हीकडून कोरी राहतात. मुळा-मुठा सांगता येते, पण रोज पूल ओलांडताना दिसणारी मुसी अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावून पुढे कृष्णेला मिळते, हे सांगता येत नाही. १९०८ च्या महापुरात सुमारे १५० माणसांनी उस्मानिया इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून जीव वाचवला. त्या पुरानंतरच उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. ही माहिती कोणत्या मुलाला घरून मिळते?

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते. आज त्यांचे आठ झाले आहेत, दोघांची नावेही २०२३ मध्ये बदलली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची समाधी बेगमपेटलाच आहे. त्यांना गुरुस्थानी मानणारे पी. व्ही. नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले, एवढे मुलांना ठाऊक असते. पण याच नरसिंह रावांनी हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेली, हे किती मराठी घरांत ठाऊक आहे? आपल्या दोन भाषांना जोडणारे असे प्रश्न कोणी बाहेरचा छापून देणार नाही. ते आपणच काढले पाहिजेत.

काही पालक म्हणतात, "सर, स्पर्धा परीक्षांत चार पर्याय असतात, हकीकत कोण विचारतो?" त्यांची काळजी रास्त आहे. परीक्षा द्यावीच लागते. २००० साली दूरदर्शन संचापुढे आपण सारे 'कौन बनेगा करोड़पति' पाहत होतो आणि मुंबईचा मराठी तरुण हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या. त्याचा अखेरचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याचा हक्क कोणाला आहे, असा होता. उत्तर, महान्यायवादी. हे उत्तर पाठ करायला एक मिनिट पुरते. पण ते सरकारचे कायदेविषयक सल्लागार असतात, म्हणून संसदेत बोलू शकतात, मात्र सदस्य नसल्याने त्यांना मत देता येत नाही, एवढे कळले की ते उत्तर विसरत नाही आणि प्रश्न फिरवून आला तरी मुलगा गोंधळत नाही. हकीकत कळल्याने परीक्षेचे नुकसान होत नाही, उलट पाठांतराचे ओझे हलके होते.

दुसरे म्हणणे असे, की आता मोबाईलवर सारे क्षणात मिळते, मग सामान्य ज्ञानाचा तास कशाला? पण मिळालेले उत्तर तपासायचे कसे, हे कोणी शिकवायचे? त्या मुलीने उत्तर मोबाईलमध्ये पाहिले नव्हते. येता-जाता डोळे उघडे ठेवले होते.

म्हणून या वर्षापासून काही बदल करीत आहोत. सामान्य ज्ञानाच्या तासाला विकतचे गाईड राहणार नाही. प्रत्येक वर्ग दर महिन्याला वीस प्रश्न स्वतः तयार करील. त्यांतले किमान पाच आपल्या शहराचे व आपल्या माणसांचे असावेत. स्पर्धेत उत्तराला एक गुण आणि "कसे कळले?" याला एक गुण. परीक्षकाचा निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थ्याने हात वर करून कारण सांगावे, ते ऐकून घेतले जाईल. परीक्षक आम्ही असलो तरीही! विश्वस्तांपैकी काहींनी रोख बक्षिसाची सूचना केली आहे. त्यांच्या भावनेचा आदर करून आमची विनंती अशी, की त्या रकमेतून वाचनालयाला चांगले नकाशे व एक सूक्ष्मदर्शक घ्यावा. बक्षीस एकाच्या घरी जाते, सूक्ष्मदर्शकातून सगळे पाहतील.

सुरुवात येत्या ३ ऑगस्टपासून करू. त्या दिवशी हैदराबादला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसत नाही. असे वर्षातून दोनदाच होते. मे महिन्यात ९ तारखेला होते, पण तेव्हा शाळेला सुट्टी असते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या दिल्लीत हे कधीच घडत नाही. वेळ मात्र बारा नव्हे, तर सुमारे १२ वाजून २३ मिनिटे. असे का, याचे उत्तर आम्ही येथे देत नाही. भारताची प्रमाणवेळ कोणत्या रेखांशावर ठरते आणि आपले शहर कोणत्या रेखांशावर आहे, ते नकाशात पाहा. एका अंशाला चार मिनिटे, असा हिशेब करा. हिशेब थोडा कमी पडेल. तो का कमी पडतो, हे मोठ्या वर्गांनी शोधावे. ढग नसले तर सर्वांनी पटांगणात यावे, पालकांनीही यावे.

आणि २० ऑगस्टला, परवानगी मिळाल्यास, सातवीचा वर्ग बेगमपेटला ती इमारत पाहायला जाईल. वाट दाखवायला आमच्याकडे एक जाणकार मुलगी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मुख्याध्यापक