‘सबमिट’ केल्यानंतरचा अभ्यास

कॉलेजच्या असाइनमेंट आता वहीत कमी आणि मोबाइलवर जास्त जमा होतात. मूडल २००२ पासून आहे, गुगल क्लासरूम २०१४ साली आले. पण आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत ही साधने रुळली ती कोरोनाच्या टाळेबंदीत. टाळेबंदी संपली, सवय राहिली. मात्र ती अर्धीच लागली. पाने लिहायची, फोटो काढायचे, पीडीएफ करून पाठवायची, की विद्यार्थी मोकळा. गुण भरले की शिक्षकही मोकळे.

या साधनांचा खरा उपयोग त्यानंतर सुरू होतो. शिक्षक नेमक्या वाक्याशेजारी शेरा लिहू शकतात, गुण कोणत्या निकषांवर दिले ते दाखवू शकतात, काम परत पाठवू शकतात. विद्यार्थी ते सुधारून पुन्हा जमा करू शकतो. क्लासरूममधल्या खासगी शेऱ्यात विचारलेला प्रश्न बाकीच्या वर्गाला दिसत नाही.

आपल्या तरुणांसाठी ही सोय मोलाची आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलाचा निबंध वाचून ‘इथे मुद्दा सुटला’ असे सांगणारे घरी कोणी नसते. उर्दू माध्यमातून आलेली मुलगी मराठीत किंवा इंग्रजीत लिहिताना अडखळते. तिचा विचार पक्का असतो, वाक्यरचना आड येते. भरल्या वर्गात हात वर करायला ती संकोचते. शिक्षकांचा दोन ओळींचा लेखी शेरा ही तिच्यासाठी फुकटची शिकवणी असते. पण नेटवरून उतरवलेला किंवा एआयकडून लिहून घेतलेला मजकूर जमा केला, तर येणारा शेरा दुसऱ्याच्याच कामावरचा असतो. त्यातून आपल्या पदरी काय पडणार?

अडचणी खऱ्या आहेत. मुदत बहुधा रात्री ११:५९ ची असते, आणि घरातला एकमेव स्मार्टफोन तेव्हा भाईजानच्या हातात असतो. शिक्षणातली समता इथूनच सुरू व्हायला हवी. असाइनमेंट असेल त्या संध्याकाळी फोनवर पहिला हक्क शिकणाऱ्या मुलीचा, हे अम्मी-अब्बूंनी ठरवावे. कॉलेजांनी मुदत दिवसाची ठेवावी, संगणक कक्ष त्या दिवशी उशिरापर्यंत खुला ठेवावा. मोहल्ल्यातल्या संस्थांनी अभ्यासिकेत वायफाय आणि मदतीला एखादा सीनियर विद्यार्थी द्यावा. यासाठी फार मोठा निधी लागत नाही.

शिक्षकांवर तपासणीचा भार मोठा आहे, हे मान्य. म्हणूनच नेमके विचारा. ‘सर, कसे झाले?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. ‘मॅडम, माझा दुसरा मुद्दा पुराव्याअभावी कमी पडतो का?’ असे विचारले तर उत्तरही नेमके येते. शेरे मिळतच नसतील, तर चार-पाच जणांनी मिळून विभागप्रमुखांकडे अदबीने लेखी मागणी करावी.

इल्म मिळवणे हे फर्ज आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आपली चूक कुठे झाली हे विचारणे हा त्याच फर्जाचा भाग आहे. पुढची असाइनमेंट पाठवताना सोबत एक प्रश्नही पाठवा.