कूपन आलंय, पुन्हा जायचं का?

हल्ली तालुक्याच्या गावातसुद्धा ट्रॅव्हल एजंटच्या काचेवर काशी-रामेश्वरच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र जहाजाचं चित्र झळकतं. 'दोन रात्री, तीन दिवस, जेवणखाण सगळं आत!' यामागे सरकारी धोरणही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन'ची सुरुवात झाली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. समुद्रसफर करणाऱ्यांची संख्या २०२९ पर्यंत दहा लाखांवर न्यायची असं सरकारने ठरवलंय. एवढी माणसं काही फक्त पेडर रोडवरून येणार नाहीत. ती कराड, बार्शी, चाळीसगावहूनच यायची आहेत. म्हणून हा विषय आपला.

जहाजं वाढली तशा तक्रारीही वाढणारच. गेल्या महिन्यात एका भिशी गटातल्या मैत्रिणींनी मला विचारलं, "ताई, बारा जणी गेलो होतो. खोली सांगितली एक, मिळाली दुसरी. जेवायला तासतासभर रांग. तक्रार केली तर कंपनीने सवलतीचं कूपन दिलंय, दोन रात्रींच्या सफरीसाठी. पुन्हा जावं का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. त्या बारा जणींपैकी किती जणींनी घरी खरं सांगितलं असेल? मला विचाराल तर, फार नाही. वर्षभर भिशीचे पैसे साठवायचे, सासूबाईंच्या औषधांची, मुलांच्या डब्यांची सोय लावायची, 'एवढे पैसे पाण्यात घालायला' हा टोमणा गिळायचा आणि मग निघायचं. परत आल्यावर 'मजा नाही आली' म्हटलं की पुढच्या वेळचं दार बंद! त्यामुळे आपण फोटो दाखवतो आणि म्हणतो, "छान झालं हो." घरी छान म्हटलं की बाहेर लेखी तक्रार कुठल्या तोंडाने करायची? कंपनीच्या वहीत मग बारापैकी दहा जणी समाधानी म्हणून जमा होतात. या बारा जणींनी तक्रार केली, हेच मला मोठं वाटतं.

आता कूपनाकडे वळू. बिघडलेल्या सफरीनंतर कंपनीने काय करावं, याचं जगभर चर्चा झालेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'कार्निव्हल ट्रायम्फ' नावाचं जहाज टेक्सासमधल्या गॅलव्हस्टनहून चार दिवसांच्या छोट्या सफरीवर निघालं. १० तारखेला इंजिनाच्या खोलीत आग लागली. आग विझली, पण वीज गेली आणि तीन हजारांवर प्रवासी मेक्सिकोच्या आखातात अडकून पडले. संडास बंद, एसी बंद, खायला थंड सँडविच. लोकांनी गाद्या डेकवर ओढून आणून तिथे रात्री काढल्या. शेवटी १४ तारखेच्या रात्री जहाज ओढत मोबिल बंदरात आणलं. २०२५ मध्ये यावर नेटफ्लिक्सने माहितीपट काढला, तेव्हा तो सगळा घाण प्रकार नव्या पिढीलाही कळला.

कंपनीने काय केलं? भाडं परत दिलं, घरी जायची सोय केली, वर माणशी पाचशे डॉलर दिले आणि पुढच्या सफरीसाठी सवलतही. तरी लोकांचा विश्वास बसेना. मग कंपनीने आपल्या सगळ्या जहाजांवर जादा जनरेटर आणि आग विझवण्याच्या यंत्रणा बसवण्यासाठी तीसएक कोटी डॉलरचा खर्च जाहीर केला. त्याच वर्षी मे महिन्यात क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. यंत्रबिघाडामुळे सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे परत, अर्ध्यात संपली तर काही पैसे परत, असं तिच्यात लेखी आलं. आणि सप्टेंबरात याच कंपनीने एक भन्नाट हमी दिली. सफर सुरू झाल्यावर चोवीस तासांच्या आत 'आवडलं नाही' म्हणा, पुढच्या बंदरावर उतरा, भाड्याचे ११० टक्के पैसे परत घ्या आणि आमच्या खर्चाने घरी जा!

त्यांना एकदम माणुसकीचा पान्हा फुटला, असं कुणी समजू नये. गिऱ्हाईक तुटलं म्हणून ते हे करत होते. पण या हमीत एक गोष्ट आहे जी आपल्या कूपनात नसते. तिथे पुन्हा विश्वास ठेवण्याची जोखीम कंपनीने उचलली होती. कूपनात ती आपण उचलतो. चुकली कंपनी, आणि तिला सुधारायची संधी मिळावी म्हणून पर्स उघडायची आपण! वीस टक्के सवलत म्हणजे ऐंशी टक्के आपले. शिवाय बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सवलत फक्त मूळ भाड्यावर; बंदर शुल्क, कर, सेवा शुल्क वेगळं. मुदत सहा महिने, आणि दिवाळी-नाताळात चालणार नाही. म्हणजे मुलांना सुट्टी असते तेव्हा हे कूपन निकामी!

आणखी एक. कूपन कंपनी असेपर्यंतच. मुंबईहून २०१९ मध्ये 'जलेश क्रूझेस'चं 'कर्णिका' जहाज मोठ्या थाटात सुरू झालं होतं. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, कंपनीच बंद पडली आणि जहाज भंगारात निघायला अलंगच्या किनाऱ्यावर गेलं. हातात रोख परतावा असणं आणि कागद असणं, यात एवढा फरक आहे.

हे सगळं ठाऊक असूनही मी स्वतः अशा कूपनावर गेले होते, बरं का. मी आणि माझ्या जाऊबाई सिंगापूरहून चार रात्रींच्या सफरीवर गेलो होतो. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. खिडकीच्या खोलीचे पैसे भरले आणि मिळाली आतली, बिनखिडकीची. दिवस की रात्र ते घड्याळात बघून ठरवायचं. शाकाहारी जेवणाच्या काउंटरवर तोच फ्लॉवर चार दिवस. वाटेतलं पेनांग बंदर रद्द झालं आणि त्याचं कारण उतरताना कळलं. मी लेखी तक्रार केली आणि कूपन आलं. पुढे भाचीकडे सिंगापूरला जायचंच होतं, तेव्हा तिला घेऊन दोन रात्रींसाठी त्याच कंपनीच्या जहाजावर चढले. आमचे हे म्हणाले, "हौस फिटली नाही वाटतं!" मी म्हटलं, हौस नाही, हिशेब पाहायचाय.

हिशेब असा निघाला. या वेळी खोलीचा नंबर आधीच लेखी मागून घेतला होता, त्यामुळे खिडकी मिळाली. जेवणाच्या वेळा दोन गटांत विभागल्या होत्या, रांग दहा मिनिटांची. भेंडी, राजमा, एका रात्री चक्क बरी आमटी. पण पाण्याची बाटली, कॉफी, मुलांचे खेळ, सगळ्याला पूर्वीसारखेच वेगळे पैसे, आणि शेवटच्या रात्री दाराखाली सरकवलेल्या बिलात माणशी रोजचं सेवा शुल्क. त्यात आश्चर्य काही नाही. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटातून नाही, तर जहाजावरच्या खर्चातून येतो. दारू, जुगार, दुकानं, मसाज. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि आत गेलेल्या माणसाचा खिसा हलका करायचा, हा धंद्याचा पायाच आहे. तो कुठल्याही तक्रारीने बदलणार नाही.

छोट्या सफरीत तर हा प्रकार जास्तच. 'दोन रात्री, तीन दिवस' हे ऐकायला छान, पण मोजून बघा. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता जहाज सुटलं आणि रविवारी सकाळी नऊला उतरवलं तर झाले चाळीस तास. त्यातली झोप वजा करा. पूर्ण दिवस एकच, शनिवार! वीकएंडला तरुण पोरांचे घोळके पार्टीसाठी येतात, डेकवर रात्री दोनपर्यंत धडधड. लांबच्या सफरीत निवांत म्हाताऱ्या जोडप्यांची गर्दी असते, तिथलं वातावरणच वेगळं. तेव्हा दोन रात्रींवरून चार-पाच रात्रींची सफर कशी असेल हे कळत नाही. पण जेवण, स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि 'सांगितलं ते दिलं का' हे चाळीस तासांत पक्कं कळतं. शिवाय बुडाले तर थोडे बुडतात. एवढ्यापुरती छोटी सफर उपयोगाची.

आधी मात्र तक्रार कुठल्या जातीची आहे ते बघावं. हवा बिघडली म्हणून बंदर चुकलं, तर त्यात कंपनीचा दोष धरता येत नाही. कोकणातल्या जुन्या आज्यांना हे सांगावं लागायचं नाही. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने माहेरी जाताना समुद्र काय करतो ते त्यांनी पाहिलेलं. (कारण वेळेवर न सांगणं मात्र दोषच, तो समुद्राचा नाही, कंपनीचा.) रांग, चव, गोंगाट या गोष्टी सुधारू शकतात, तिथे पुन्हा एकदा जाऊन बघायला हरकत नाही. पण खिडकीचे पैसे घेऊन बिनखिडकीची खोली दिली, ही आवडीनिवडीची बाब नव्हे. ही सेवेतली त्रुटी आहे, आणि तिचं उत्तर कूपन नाही, फरकाचे पैसे हे आहे.

इथे आपल्या बाजूने कायदा बराच मजबूत झालाय आणि तो आपल्यापैकी फार जणींना माहीत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत, तुम्हाला तिकडे खेटे घालायला नकोत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, बऱ्याचदा प्रकरण तिथेच मिटतं. परदेशी कंपनीच्या मागे धावणं अवघड, हे खरं. पण ज्या इथल्या एजंटने पैसे घेतले त्याला तक्रारीत सामील करता येतं. फक्त पावती हवी. रोख पैसे देऊन 'वहिनी, माझ्यावर सोडा' या शब्दावर निघालात तर आयोगापुढे दाखवणार काय?

त्या बारा जणींना मी कळवलंय ते असं. खोलीच्या फरकाचे पैसे आधी मागा, लेखी, बारा सह्यांनिशी. कूपन घेतलं म्हणून तो हक्क सोडला, असं कुठल्याही कागदावर लिहून देऊ नका. पैसे आले तर, ज्यांना जायचंय त्यांनी दोन रात्रींसाठी जावं. खोलीचा प्रकार आणि सगळे कर धरून एकूण रक्कम एजंटच्या लेटरहेडवर घ्यावी, आणि शक्यतो जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागावी, तिथे डोलणं कमी जाणवतं. पैसे आले नाहीत तर कूपनाची मुदत संपायची वाट बघू नका, जिल्हा आयोगाचा अर्ज भरा.

परवा त्यांचा फोन आला. पत्रावर नऊ सह्या झाल्यात. उरलेल्या तिघी म्हणतात, घरी विचारून सांगतो.