अदृश्य अडगळ

जुन्या घरांना माळा असे. त्यावर काय काय पडून आहे, हे घरातील कर्त्या माणसालाही नेमके सांगता येत नसे. मात्र दिवाळीच्या तोंडावर शिडी लावली जाई, मोडक्या खुर्च्या नि रिकामे डबे खाली येत आणि घर मोकळा श्वास घेई. आजच्या स्मार्टफोनलाही असा माळा असतो. परंतु शिडी कोठे लावायची, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

'साठवणुकीची जागा शिल्लक नाही' ही सूचना वरवर क्षुल्लक वाटते. तथापि, दिवसभर काम करून रात्री फोनवर धडे पाहणाऱ्या विद्यार्थ्याचे त्यामुळे शिक्षणच अडते. धडा उतरवून घेता येत नाही, परीक्षेच्या अर्जासाठी कागदपत्राचे छायाचित्र काढता येत नाही. अशा वेळी माणूस घाईघाईने जे समोर दिसते तेच पुसून टाकतो. आईवडिलांची छायाचित्रे जातात, गुणपत्रिकेची प्रत जाते. आणि खरी अडगळ मात्र जागच्या जागी राहते. 'आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी' म्हणतात, ते हेच.

मुळात खोक्यावर छापलेली जागा पूर्णपणे ग्राहकाच्या वाट्याला येतच नाही. ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट. हीच जागा १०२४ च्या पटीत मोजली, तर ती सुमारे ५९.६ इतकी भरते. दोन्ही गणिते बरोबर आहेत. फक्त मापे वेगळी आहेत. त्यातून फोन चालवणारी मूळ प्रणाली आणि आधीच घातलेली अ‍ॅप्स कित्येक जीबी व्यापतात. फोन नवा असतानाही तो काही अंशी भरलेलाच असतो.

उरलेल्या जागेत तीन प्रकारची अडगळ नकळत साचते. पहिली 'कॅशे'. एकदा पाहिलेले चित्र पुन्हा चटकन दिसावे, म्हणून अ‍ॅप त्याची तात्पुरती प्रत जवळ ठेवते. दुसरी कचरापेटी. पुसलेले छायाचित्र लगेच नाहीसे होत नाही. आयफोनमध्ये ते साधारणपणे ३० दिवस, तर गूगल फोटोजमध्ये साठवलेले चित्र ६० दिवस पेटीत राहते. म्हणूनच शेकडो चित्रे पुसूनही जागा वाढली नाही, असा अनुभव येतो. तिसरी म्हणजे संदेशांतून आलेली व पाठवलेली चित्रे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅप पाठवलेल्या चित्रांची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि ती गॅलरीत बहुधा दिसत नाही.

या तिसऱ्या अडगळीला आपल्या समाजाच्या आपुलकीचाही हातभार लागतो. भारतातील फोन भरून जाण्यामागे सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांचा मोठा वाटा असल्याचे गूगलच्या अभ्यासकांना आढळले होते. २०१८ च्या जानेवारीत हे वृत्त बरेच गाजले. शुभेच्छा देण्यात काहीच गैर नाही. परंतु फुलांचे तेच चित्र पाच गटांतून पाच वेळा येते आणि काही वेळा पुन्हा जागा घेते, हे देणाऱ्याने व घेणाऱ्याने जाणून असावे.

कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला? मोठा फोन घ्यावा, नाहीतर सारे दूरच्या सर्व्हरवर ठेवावे. परंतु नवा फोन घेणे प्रत्येकाला परवडत नाही आणि सवय तीच राहिली तर तोही भरतोच. गूगलची १५ जीबी मोफत जागा मेल, ड्राइव्ह व फोटो यांत मिळून वापरली जाते. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रेही त्यातच मोजली जातात. शिवाय गूगल फोटोजमधून साठवलेले चित्र पुसले, तर ते फोनबरोबर सर्व्हरवरूनही जाते. 'एका स्पर्शात सफाई' करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या अनोळखी अ‍ॅप्सपासून तर दूरच राहावे. आपल्या घराची किल्ली परक्याच्या हाती देण्यासारखेच ते आहे.

खरा उपाय समजुतीचा आहे. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडले, की कोणत्या अ‍ॅपने किती जागा घेतली ते दिसते. अँड्रॉइडमध्ये तेथून पुढे 'कॅशे साफ करा' हा पर्याय सापडतो आणि तो सहसा निर्धोक असतो. मात्र 'डेटा साफ करा' या पर्यायाने अ‍ॅपमधील नोंदी आणि उतरवलेले धडेही जाऊ शकतात. हा एका शब्दाचा फरक वाचता येणे, हीसुद्धा साक्षरताच होय. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' या भागात ५ एमबीहून मोठ्या आणि अनेकदा पुढे पाठवलेल्या फाइल्स वेगळ्या दाखवल्या जातात. आधी महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवावी, मग पुसावे आणि शेवटी कचरापेटी रिकामी करावी. हा क्रम मोडू नये.

तरीही सारा भार वापरणाऱ्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. धान्य विकणाऱ्याने माप चोख दाखवावे, ही आपली जुनी अपेक्षा आहे. तीच अपेक्षा फोन विकणाऱ्यांकडूनही ठेवली पाहिजे. प्रत्यक्ष वापरायला किती जागा मिळेल, हा आकडा खोक्यावरच ठळक छापावा. कोणती फाइल कोठे आहे, हे ग्राहकाच्या भाषेत सांगावे. विकत घेतलेल्या वस्तूत काय साठले आहे, हे जाणणे हा मालकाचा हक्क आहे. तो हक्क बजावण्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही. पुसण्यापूर्वी दोन ओळी नीट वाचण्याचा धीर मात्र हवा.