नाव ठेवा, नावं ठेवू नका



परिसर अभ्यासात सजीवांचा अधिवास शिकवून झाला की मी चौथीच्या वर्गाला एक उपक्रम देते. लाखो वर्षांनी आपल्या सड्यावर, खाडीत, खाजणात कोणते प्राणी असतील? आजच्या एखाद्या प्राण्यापासून तो कसा तयार झाला ते गटात ठरवायचं, चित्र काढायचं, नाव द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून एकच तक्ता करायचा. चित्रात मुलं रमतात. गाडी अडते ती नावापाशी. आणि माझं मत असं की खरं शिकणं तिथेच असतं. म्हणून नाव देण्याचे नियम मुलांनाच ठरवू द्यावेत. फक्त एक नियम शिक्षकाने घालावा, तो पुढे सांगते.

पहिल्या दिवशी नावं आली ती सुपरझिला, मेगाझॉर अशी. सगळी टीव्हीवरची! मी एवढंच विचारलं, "हा कुठे राहतो, कोणापासून झाला, हे नावावरून कळतंय का?" वर्ग गप्प. तेव्हा एरवी तोंड न उघडणारी, मच्छीमार घरातली एक मुलगी उठली. तिने निवटी काढली होती. निवटी हा मासा असूनही चिखलावर पुढच्या परांनी सरकतो, हे तिने खाडीवर पाहिलेलं. तिची निवटी सड्यावर चढून कातळातल्या डबक्यांत राहायला लागली होती. नाव काय? "कातळनिवटी." एका शब्दात पत्ताही आला आणि पूर्वजही. वर्गाला पहिला नियम मिळाला.

शास्त्रज्ञही असंच करतात. पावसाच्या सुरुवातीला आपल्या सड्यावर पांढरी फुलं येणाऱ्या दीपकाडीचं शास्त्रीय नाव 'डिपकाडी कोंकनेन्स' आहे. दुसऱ्या शब्दात कोकण आहे! गडचिरोलीच्या सिरोंचा भागात सापडलेल्या डायनासोरचं नाव 'बारापासॉरस टागोराय'. बारापा म्हणजे मोठ्या पायाचा, आणि टागोराय हे रवींद्रनाथ टागोरांवरून.

दुसऱ्या दिवशी वाद झाला. एका गटाचा ससा हरणाएवढा उंच झाला होता. त्याला 'रानहरीण' म्हणायचं की 'हरीणससा'? तेव्हा मी खवलेमांजराची गोष्ट सांगितली. त्याच्या नावात मांजर आहे, पण ते मांजराच्या कुळातलं नाही. उदमांजरही नाही. लोकांनी दिसण्यावरून नाव दिलं, नातं वेगळंच निघालं. डूगल डिक्सन यांच्या 1981 च्या 'आफ्टर मॅन' या पुस्तकात माणसानंतर पाच कोटी वर्षांनीचे प्राणी कल्पिले आहेत. त्यातही सशापासून झालेला, हरणासारखा 'रॅबक' आहे. रॅबिट आणि बक हे दोन शब्द जोडून केलेलं नाव. मुलांनी ठरवलं: दिसणं पुढे, नातं मागे. म्हणून हरीणससा. दिसणं आणि नातं वेगळं असतं, हे मी फळ्यावर लिहून इतकं पटवू शकले नसते.

तिसरा वाद शब्दांचा. एकाच्या घरी कुर्ली, दुसऱ्याच्या घरी चिंबोरी. बरोबर कोण? इथे आपण शिक्षक पटकन 'खेकडा म्हणा' सांगून मोकळे होतो. मला ते चुकीचं वाटतं. आपलं राज्य फुलपाखरू बघा. 2015 मध्ये ब्लू मॉरमॉनला तो मान मिळाला. मराठीत त्याला राणी पाकोळी म्हणतात, नीलवंतही म्हणतात. शास्त्रीय नाव मात्र जगभर एकच, पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. म्हणून तक्त्यावर आधी लिहिलं गेलेलं नाव सगळ्यांचं, आणि खाली घरचे सगळे शब्द. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांतही साधारणपणे आधी प्रसिद्ध झालेलं नावच धरतात.

आता तो शिक्षकाचा नियम. एका मुलाने काळा, जाडा, मोठ्या पोटाचा प्राणी काढला आणि वर्गातल्या एका मुलाचं चिडवायचं नाव त्याला दिलं. सगळे हसले. तो मुलगा हसला नाही, वहीत डोकं घालून बसला. मीही क्षणभर हसले होते, हे लिहायला लाज वाटते. मग मी तक्ता बाजूला ठेवला आणि नियम लिहिला: कुणाचं नाव, आडनाव, रंग, अंग किंवा जात प्राण्याच्या नावात येणार नाही. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेतही सांगितलंय की कुणाला दुखावेल असं नाव देऊ नये. मोठ्या शास्त्रज्ञांना हे लिहून ठेवावं लागतं, मग नऊ वर्षांच्या मुलांवर ते कसं सोडायचं? बाकी नियमांत चुका होऊ द्याव्यात, या नियमात नाही.

काही पालक विचारतात, "बाई, नसलेल्या प्राण्यांची नावं काढून स्कॉलरशिपला काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. पण नाव शोधताना मुलं निरीक्षण करतात, वर्गीकरण करतात, जोडशब्द बनवतात, आपलं मत पटवून देतात. तेही रट्टा न मारता. आणि ज्या मुलीला पुस्तकातला 'मासा' हा एकच शब्द पुरेसा मानला जात होता, तिला घरून आणलेले वीस शब्द वर्गात वापरता आले. त्या आठवड्यात तिचा हात रोज वर होता.

दोन तासिका काढा, करून बघा. आणि मुलांनी दिलेलं नाव शुद्ध करायला जाऊ नका.