बिनसावलीची दुपार

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या, बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा या गावी मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पदार्थविज्ञानाचा एक उत्तम प्रयोग आपोआप घडून येतो. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्याच बुडाशी लोपून जाते. परंतु त्या दिवसांत शाळेला सुट्टी असते! जुलैच्या मध्यास, सूर्य दक्षिणेकडे परतताना, हा योग पुन्हा येतो. तेव्हा शाळा भरलेली असते, पण आकाश बहुधा ढगांनी झाकोळलेले असते. शाळेच्या वेळापत्रकाबाहेर विज्ञानाचे वर्ग का भरावेत, याचे याहून चांगले कारण शोधण्याची गरज नाही.

सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो, अशी पुष्कळांची समजूत असते. पुस्तकातील एका वाक्याने ती क्वचितच जाते. एक मीटर उंचीची काठी रोवावी, गवंड्याच्या ओळंब्याने ती सरळ करून घ्यावी आणि दर आठवड्यास भरदुपारची सावली मोजावी. २२ डिसेंबरच्या सुमारास ती जवळजवळ काठीएवढी भरते. मग आखडत आखडत मे महिन्यात नाहीशी होते. सोनाळा सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे, तर सूर्य साडेतेवीस अंशांवरील कर्कवृत्तापर्यंत जाऊन माघारी फिरतो. म्हणून हा योग वर्षातून दोनदा. कर्कवृत्ताच्या उत्तरेस असलेल्या दिल्लीत मात्र तो कधीच येत नाही. ज्याने स्वतः सावली मोजली आहे, त्याला अक्षांश हा शब्द पाठ करावा लागत नाही.

खेड्यात प्रयोगशाळा नाही, या सबबीवर कित्येक मुलांच्या वाट्याला केवळ घोकंपट्टी येते. हा अन्याय आहे. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडविली. ती करण्यास पैसा फारसा लागत नाही. त्याच संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत. उत्तराखाली स्वाक्षरी मिळे. मुलांना विज्ञानाकडे कसे वळवावे, हे त्या पोस्टकार्डाने अचूक ओळखले होते.

याउलट, काही विज्ञानमेळाव्यांत धूर निघतो, ठिणग्या उडतात, मुले टाळ्या वाजवून घरी जातात. त्यांनी मोजलेले काहीच नसते, विचारलेलेही काही नसते. सुट्टीतील वर्गाला गुण, परीक्षा आणि बक्षिसे चिकटविली, तर तोही आणखी एक शाळेचा तास होऊन बसेल.

मे महिन्यात तेथील ऊन भाजून काढते, हा आक्षेप मात्र खरा आहे. डोक्यास रुमाल बांधून काठीपाशी पाच मिनिटे उभे राहावे आणि उरलेला वेळ ओसरीवर बसून आकडे मांडावेत. काठी मात्र उपटू नये. जुलैत ढग त्या वेळी क्षणभर फाटले, तरी पुरे.