सांगोल्याचे आबासाहेब

या सदरात एरवी मी शब्दांविषयी लिहितो. यंदा एका आमदाराविषयी लिहिणार म्हणताच सौभाग्यवतींनी चकलीचा सोऱ्या खाली ठेवला आणि विचारले, “अहो, दिवाळीच्या अंकात राजकारण कशाला?” प्रश्न रास्त होता. ‘आमदार’ हा शब्द आपल्या पांढरपेशा घरांत जरा नाक मुरडूनच उच्चारला जातो. नळाला पाणी आले नाही की त्याची आठवण होते, पाणी आले की तो विसरला जातो.

मला ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे त्यांच्या तालुक्यात पाणी न येणे हीच जुनी रीत. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा माणदेशी मुलूख. माण नदी नावाची नदी, एरवी वाळूचा पट्टा. तेथून गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम विधानसभेवर गेले. जन्म १० ऑगस्ट १९२६ चा, पेशा वकिलीचा, पक्ष शेतकरी कामगार. लोक त्यांना आबासाहेब म्हणत. १९६२ ते २०१४ या काळात ते अकरा वेळा निवडून आले. मतदारसंघ तोच, पक्षही तोच. शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा वय होते अठ्ठ्याऐंशी! आम्हां मास्तरांना त्या वयापर्यंत निरोपाचा नारळ मिळून पाव शतक उलटलेले असते.

दोनदा मात्र ते हरले, १९७२ आणि १९९५ साली. यांतला पहिला पराभव मला विलक्षण वाटतो. १९७२ म्हणजे महादुष्काळाचे साल. मिलोच्या लाल भाकरीची आणि सुकडीची आठवण अजून ज्या घरांत निघते त्यांना अधिक सांगावयास नको. माणसे खडी फोडावयास रस्त्यावर आली, नेमके तेव्हा सांगोल्याचा हा वकील सभागृहाबाहेर होता. १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठवले.

त्या दुष्काळाच्या आगेमागेच रोजगार हमीची योजना आकाराला आली. तिचे जनकत्व वि. स. पागे यांचे, ते विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ही योजना नीट चालावी म्हणून ज्यांनी सभागृहात सतत पाठपुरावा केला त्यांत गणपतराव होते. आता आपल्या पगारपत्रकाकडे पाहा. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून कापले जातात. आम्ही प्राध्यापकांच्या खोलीत त्यावर कुरकुरतो. हा कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या कारकुनाच्या खिशातून माणदेशातल्या मजुराच्या हाती चार पैसे जावेत, असा तो हिशेब होता. पुढे २००५ साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला.

मंत्रिपद त्यांना दोनदा मिळाले, १९७८ आणि १९९९ साली, आणि तेही फार काळ टिकले नाही. बाकीची सारी हयात विरोधी बाकांवर गेली. विरोधी आमदाराच्या हाती असते तरी काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा आणि कपात सूचना. शेवटचा शब्द मोठा मजेदार आहे. खात्याच्या मागणीतून रक्कम कमी करा, असे म्हणावयाचे. मनात मात्र ती कमी व्हावी असे नसतेच, हवी असते ती खात्याच्या कारभारावर बोलण्याची संधी! असल्या वाकड्या वाटेने, वर्षामागून वर्षे, तेच पाणी आणि तीच मजुरी मांडत राहावयाचे. कंटाळा हा ज्याचा शत्रू आहे त्याने या धंद्यात पडू नये.

सभागृहात भागले नाही ते त्यांनी बाहेर केले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्याबरोबर आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी द्या, ही मागणी. मागणीला घाईही होती. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ साली महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि त्या वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकत होता. तोवर पाणी अडवले, वापरले नाही, तर हक्क सांगणार कोणत्या तोंडाने?

आणखी एक नवल. कापसाचा मुलूख नसताना सांगोल्यात त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली, पुढे महिलांचीही. मुंबईला जाण्यायेण्यास एसटी नाहीतर रेल्वे. साधेपणाचे हे कौतुक वर्तमानपत्रांनी एवढे केले की त्यांचे काम त्याखाली झाकून गेले, असे मला वाटते. एसटीने मीही जातो; मला कोणी निवडून देणार नाही.

२०१९ साली ते उभे राहिले नाहीत. नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. २०२४ साली दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, त्याच पक्षाकडून निवडून आले. घराण्याचा वारसा मला राजकारणात रुचत नाही, इथेही थोडा खटकलाच. टेंभू योजनेचे पाणी आता माणेच्या पात्रात सोडतात. पुढचे आवर्तन कधी, हे विचारावयास लोक आता या नातवाकडे जात असतील.